बिरप्पाची अठ्ठेचाळीस मैलांची तयारी

सोलापूरच्या माणसाला उन्हाचं भय घालू नये. वैशाखात घरावरचे पत्रे तडतडायला लागले तरी तो डोक्याला पंचा गुंडाळून ‘आज जरा बरं हाय की’ म्हणतो आणि कामाला निघतो. पण संक्रांतीला गड्ड्याची जत्रा आली, पहाटेच्या वाऱ्याला धार चढली, की हाच बहाद्दर कानाला फडकं बांधून शेकोटीला जो चिकटतो तो ऊन अंगावर येईपर्यंत हलत नाही. बिरप्पा असाच एक. तरीही तेहेतीस सालच्या माघात भल्या पहाटे निघून अठ्ठेचाळीस मैल सायकल मारायचा बेत त्यानं केला. बेत केला तेव्हा त्याला सायकल येत नव्हती, पण ही गोष्ट त्याच्या लेखी किरकोळ होती.

बिरप्पा मूळचा सांगोल्याकडचा, मेंढरांमागं वाढलेला धनगर. एका दुष्काळात कळप निम्म्यावर आला तेव्हा तो पोटासाठी सोलापुरात आला आणि मिलच्या साचेखात्यात मागावर चिकटला. वीस वर्षं झाली, पण चालताना अजून पुढं शंभर मेंढरं असल्यासारखा काठी आडवी धरून चालायचा. मागांच्या खडखडाटात बोलून बोलून आवाज असा झाला होता की बायकोच्या कानात काही गुपित सांगितलं तर ते चाळीतल्या शेवटच्या खोलीपर्यंत पोचायचं.

माणूस सोन्यासारखा, पण एक खोड होती. मिलला तो वीस वर्षांत एकदाही उशिरा गेला नाही, कारण मिलला भोंगा होता. जिथं भोंगा नाही तिथं बिरप्पा वेळेवर नाही. बारशाला गेला तर पोर रांगत असायचं. लोक हसायचे, तोही हसायचा, आणि सगळं हसण्यावारी जायचं. तीन वर्षांपूर्वी मात्र एक गोष्ट हसण्यावारी गेली नाही.

सांगोल्याजवळच्या खडकवाडीला दिलेल्या त्याच्या थोरल्या बहिणीच्या, तानाबाईच्या, मोठ्या मुलीचं लग्न होतं. मंगलाष्टकं चालू असताना नवरीच्या मागं मामानं उभं राहायचं, ही रीत. तानाबाईला भाऊ एकच. बिरप्पा रेल्वेनं कुर्डुवाडीला उतरला. तिथून सांगोल्याची छोटी गाडी पहाटे सुटायची. फलाटावर थंडी मी म्हणत होती, म्हणून त्यानं घोंगडी डोक्यावरून ओढून घेतली, आणि घोंगडीच्या उबेत असा काही ढाराढूर झोपला की जाग आली तेव्हा ऊन तोंडावर आलं होतं आणि छोटी गाडी केव्हाच निघून गेली होती. तो खडकवाडीत पोचला तेव्हा दुसरा दिवस उजाडला होता आणि मांडवाचे डहाळे शेरडं खात होती. वरातीमागून घोडं म्हणतात. बिरप्पा त्या घोड्याच्याही मागून पोचला.

तानाबाई भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडली नाही. तिनं भाकरी वाढली, पाण्याचा तांब्या ठेवला आणि ती आत निघून गेली. लहानपणी आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा ह्याच बहिणीनं त्याला काखेला मारून मेंढरं राखली होती. तिनं तोंड बंद केलं ते तीन वर्षं उघडलं नाही, आणि हे बिरप्पाच्या काळजात बाभळीच्या काट्यासारखं बसलं होतं.

आता धाकटीचं, सोनाचं, लग्न निघालं. खडकवाडीहून घोंगड्या विकायला आलेल्या माणसाकडून हळदीच्या अक्षता आल्या, त्या बिरप्पाच्या बायकोच्या, मायाक्काच्या नावानं. तोंडी निरोपही होता: “मामा म्हनून चुलतभावाला उभं राहायला सांगितलंय. बिरू आला तर आला.”

बिरप्पानं निरोप ऐकला आणि त्या दिवशी तो जेवला नाही. हे कळल्यावर चाळीत लोकांना वाटलं की ह्याला ताप आला.

लग्न रविवारी, दिवस मावळताना. शनिवारी संध्याकाळपर्यंत मिल. जॉबरनं, म्हणजे खात्यातल्या मुकादमानं, सोमवारची एक रजा दिली, तीही माशी गिळल्यासारखं तोंड करून. मायाक्का पोरांना घेऊन गुरुवारीच रेल्वेनं जाणार होती. सर्व्हिस मोटार शिटं भरल्याशिवाय हलायची नाही, आणि रेल्वेचं तर नावच नको. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. बिरप्पा तर ताकाचं गाडगंच फोडायला निघाला होता.

“सायकलवर जातो,” तो म्हणाला.

मायाक्का भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. “तुमी? सायकलवर? सांगोल्याला?”

“ऐक की. सायकलवर झोपलेला मानूस बगितलाईस का कवा? पाय हालवंल तवाच गाडी हालती. मग झोप लागंलच कशी?”

युक्तिवाद बिनतोड होता. “आदी बसायला तर शिका,” एवढंच ती म्हणाली, आणि भाकरी तव्यावर टाकली.

बाळीवेशीत मडिवाळप्पाचं सायकलचं दुकान होतं. मडिवाळप्पा अक्कलकोटकडचा, मराठी बोलता बोलता कानडीत घसरायचा, आणि सायकलीवर त्याचा पोटच्या लेकरासारखा जीव. बिरप्पाची हकिगत ऐकून त्याचे डोळे पाणावले, पण हा माणूस पहिल्यांदा सायकलवर चढला तेव्हा ते पाणी लगेच आटलं. दीड महिना रोज मिल सुटल्यावर होम मैदानावर शिकवणी चालली. बिरप्पा सायकलला हाकायचा. वळायचं असलं की हँडल न वळवता ‘हाऽर, हाऽर’ करून ओरडायचा, मेंढरं वळवतात तसा. “यप्पा! तिला कान न्हाईत रे!” मडिवाळप्पा मागून पळत पळत ओरडायचा. गड्ड्याच्या जत्रेचे पाळणे मैदानात उभे राहिले तोवर मात्र स्वारी न पडता सरळ जाऊ लागली होती, आणि मैदान बंद झाल्यावर मंगळवेढ्याच्या रस्त्यावर सराव सुरू झाला.

आता खरा प्रश्न थंडीचा. पहाटे पाचला निघायचं, सीना आणि भीमा ओलांडायच्या, उघडा माळ, समोरून वारा. पहिल्या दिवशी बिरप्पानं घोंगडीची खोळ डोक्यावरून घेतली. ती वाऱ्यानं फुगली, मागं उडाली आणि चेनमध्ये अडकून त्याला बांधावर घेऊन गेली. तेव्हा त्यानं ठरवलं, घोंगडीचा कोट शिवायचा. बेत खरोखर झकास होता, फक्त त्यासाठी त्यानं पेटीतली कोरी करकरीत काळी घोंगडी काढली.

इथं एक सांगायला हवं. घोंगडी विणून झाली की तिला चिंचोक्याची खळ लावतात. नवी घोंगडी त्यामुळं पत्र्यासारखी ताठ असते आणि वापरून वापरून चार-सहा महिन्यांनी नरम येते. हे धनगराच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बिरप्पालाही होतं. पण भाचीच्या लग्नाला जुनी घोंगडी अंगावर घालून जाणं त्याला पटेना. गल्लीतल्या शिंप्यानं दोन सुया मोडून कोट शिवून दिला. तो घातल्यावर बिरप्पाचे दोन्ही हात शेतातल्या बुजगावण्यासारखे आडवे उभे राहिले. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच. तरी त्यानं लग्नाच्या आधीच्या रविवारी पहाटे ते हात मारूनमुटकून हँडलवर बसवले आणि त्याच रस्त्यावरच्या तिऱ्ह्याकडं सायकल सोडली.

त्या दिवशी दंव मरणाचं पडलं होतं. दंवानं खळ भिजली, कोट मऊ झाला आणि बिरप्पा मनोमन खूश झाला. ऊब तर अशी की अंगाला घाम. त्याला कळलं नाही ते एवढंच, की भिजलेली खळ म्हणजे डिंक. आणि ते दिवस कापसाचे. कापसानं शीग लावून भरलेल्या गाड्या सोलापूरच्या वाटेला लागल्या होत्या, वाऱ्यानं कापूस उडत होता, आणि तो सगळा उडणारा कापूस बिरप्पाच्या कोटावर येऊन बसत होता. परतताना ऊन चढलं. खळ वाळली. कोट पुन्हा ताठ झाला, पण आता वाकून सायकल मारणाऱ्या माणसाच्या आकारात.

सकाळी नवाच्या सुमाराला चाळीसमोर एक पांढरंशुभ्र, कमरेत वाकलेलं, हात पुढं केलेलं काहीतरी सायकलवरून उतरलं. धनगर गेला होता आणि मेंढरू परत आलं होतं. बायकांनी पोरं आत ओढली. बिरप्पाला सरळ होता येईना. मायाक्कानं मडिवाळप्पाला बोलावून आणलं आणि दोघांनी मिळून त्याला कोटातून सोलून काढला. रिकामा कोट जमिनीवर ठेवला तर तो तसाच वाकून, हात पुढं करून, आपल्या पायावर उभा राहिला. मायाक्का हसून हसून उंबऱ्यावर बसली.

“अवं, ह्यो गेला खडकवाडीला तुमच्या आदी,” ती कोटाकडं बोट दाखवून म्हणाली.

पण बाई कामाची. तिनं हंडाभर पाणी उकळलं, कोट त्यात बुडवला आणि दगडावर असा आपटला की खळ निघाली, कापूस निघाला आणि बिरप्पाच्या मनातली नव्या घोंगडीची हौसही निघाली. बाह्या दोन बोटं आखडल्या, पण कोट झाला मऊसूत. तिनं जुन्या लुगड्याची कानपट्टी शिवली, हातांना फडक्याच्या पिशव्या केल्या आणि गुरुवारी निघताना बजावलं, “हे येवडंच घाला. ह्येच्या वर तुमचं डोकं चालवू नगा.”

शनिवारी मडिवाळप्पानं दुकानातली सगळ्यात चांगली सायकल पुसून काढली. चेनला तेल दिलं, कंदील लावला, पंप आणि जादा ट्यूब बांधून दिली. भाड्याचं नाव काढलं नाही. “हे बघ बिरप्पा,” तो म्हणाला, “पहिले दहा मैल सावकाश जा. थंडीत पाय आखडलेले असतात. तिथं जोर केलास की नंतर पाय उठत नाहीत.”

“पायाचं मला सांगू नगंस,” बिरप्पा म्हणाला. “धनगराचं पाय हायेत.” कानांची, हातांची, नाकाची तजवीज त्यानं केली होती. पाय त्याच्या हिशोबातच नव्हते.

आणि मग, मायाक्का नव्हती म्हणून, त्यानं डोकं चालवलं. थंडीवाऱ्यात अंग फुटू नये म्हणून त्याचा आजा मेंढीची चरबी लावायचा, हे त्याला आठवलं. खाटकाकडून वाटीभर चरबी आणली, वितळवली, आणि रविवारी पहाटे तोंडाला, हातांना, मांड्यांपासून घोट्यांपर्यंत चोपडली. थंडी खरंच वाजेना. “आजा शाना हुता,” असं स्वतःशीच म्हणत तो निघाला. आजा शहाणाच होता. पण आजाच्या भोवती जी कुत्री असायची ती आजाच्या ओळखीची होती.

तिऱ्ह्याला पहिलं कुत्रं उठलं. मटणाचा एवढा मोठा ऐवज दोन चाकांवरून आपल्या दारावरून चाललाय, हे त्या बिचाऱ्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. त्यानं हाळी दिली आणि आणखी चार उठली. बिरप्पानं पायडल जोरात मारलं. कामतीजवळ मागं नऊ-दहा झाली. आता त्याला वाटलं, आपण धनगर, कुत्र्यांना काय भ्यायचं? त्यानं सायकलवरूनच लांबलचक धनगरी आरोळी ठोकली. गावातली कुत्री बिचकून थांबली. पण रस्त्याकडेच्या रानात मेंढरांचा तळ पडला होता. तिथली कुत्री ही आरोळी ऐकतच मोठी झालेली. मालकानं बोलावलं म्हणून तीही कान टवकारून धावत आली, आणि ती होती वासराएवढी.

मग बिरप्पानं जी सायकल हाणली तिला तोड नाही. थंडी गेली, वारा गेला, मडिवाळप्पाचा सल्ला तर कुठल्या कुठं गेला. ऊन नीट तापायच्या आत तो बेगमपूरला भीमेच्या काठावर होता. नावाडी अजून दात घासत होता.

“एवड्या लौकर?” नावाडी म्हणाला. “कुनाचं काय चोरून पळालायस का बाबा?”

“भाचीचं लगीन हाय,” बिरप्पा धापा टाकत म्हणाला. “लौकर घाल नाव पान्यात.”

पलीकडं उतरल्यावर त्यानं वाळूनं घासघासून चरबी काढली. भीमेचं पाणी इतकं गार की पायांना आधी मुंग्या आल्या आणि मग काहीच कळेनासं झालं. पुन्हा सायकलवर बसला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की पाय आपले राहिलेले नाहीत. मंगळवेढ्यात झाडाखाली भाकरी खायला उतरला तर गुडघा दुमडला आणि तो थेट भाकरीच्या गाठोड्यावर बसला. पुढचे मैल त्यानं कसे काढले ते त्यालाच माहीत. उतारावर बसायचा, चढाला सायकल धरून फरफटत चालायचा. ‘ह्या बारीला न्हाय, आक्का, ह्या बारीला न्हाय,’ असं मोठ्यानं म्हणत होता, आणि त्याचं मोठ्यानं म्हणजे दोन शिवारं ऐकत होती.

दुपार कलली तेव्हा तो खडकवाडीत शिरला. मुहूर्ताला दोन तास होते. वेशीतले म्हातारे त्याला बघून गोंधळले. “बिरप्पा आला? मग लगीन काल झालं का काय?” एकानं दुसऱ्याला विचारलं.

मायाक्का धावत आली आणि वास घेऊन म्हणाली, “काय लावलंय अंगाला?” तेवढ्यात तानाबाई बाहेर आली. तिनं भावाकडं पाहिलं, सायकलकडं पाहिलं, त्याच्या थरथरणाऱ्या पायांकडं पाहिलं. पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं ठेवला आणि एक अक्षर न बोलता आत गेली. बिरप्पाचा चेहरा उतरला. वेळेवर आलं की सगळं आपोआप मिटेल, असं त्याला वाटत होतं. चुलतभाऊ मात्र भला माणूस. “ये बाबा, जागा तुजी हाय. मी जातो पंगतीचं बगायला,” असं म्हणून तो मोकळा झाला.

दिवस कलला. वाजंत्री थांबली, अंतरपाट धरला, सोना पाटावर उभी राहिली आणि तिच्या मागं बिरप्पा. घोडं गंगेत न्हालं असं त्याला वाटलं. पण त्यानं दीड महिना तयारी केली होती ती पोचण्याची. पोचल्यावर उभं राहावं लागतं, ह्याची तयारी केलीच नव्हती. पहिल्या मंगलाष्टकाला त्याच्या मांड्या लटलट कापू लागल्या. दुसऱ्याला पोटऱ्यांत गोळे आले. बरं, भटजींचं आटोपलं तर वराकडच्या एका मास्तरांनी स्वतः रचलेलं सुरू केलं, त्यात दोन्ही घराण्यांची नावं आजापणज्यापासून. बिरप्पानं डोळे मिटले. ह्या मास्तरांच्या खापरपणज्यापर्यंत आपण टिकत नाही, हे त्याला कळून चुकलं. आता पडलो तर नवरीच्या अंगावर पडणार, आणि मग आक्का जन्मात तोंड बघणार नाही. त्याचे गुडघे खरोखर दुमडायला लागले.

तेवढ्यात त्याच्या पाठीला मागून दोन हात लागले. खरबरीत, कष्टाचे, आणि चांगलेच जोरकस. ते हात त्याच्या ओळखीचे होते.

“हलू नगंस,” मागून तानाबाई कुजबुजली. “मी धरलंय.”

तीन वर्षांनी ऐकलेला तो आवाज. “आक्का,” तो म्हणाला, आणि त्याचं कुजबुजणं सगळ्या मांडवानं ऐकलं. मास्तर दचकून एक पणजा विसरले.

“गप ऱ्हा. म्होरं बग.” तिनं खांदा त्याच्या पाठीला लावला. “थोरलीच्या वक्ताला बी मी हितंच उबी हुते. म्होरं दुसऱ्याच कुनाची तरी पाठ. सारी अक्षता बगत हुती अन् मी ती परकी पाठ बगत हुते. लई रडले, बिरू.”

बिरप्पानं दातओठ खाऊन गुडघे सरळ केले. शेवटचं मंगलाष्टक झालं, वाजंत्री कडाडली, अक्षता पडल्या, सोनानं माळ घातली. तानाबाईनं हात काढले आणि बिरप्पा भर मांडवात मटकन खाली बसला. लोक हसले. सोनानंही मुंडावळ्यांआडून मागं वळून पाहिलं आणि ती हसली.

“आक्का, झालं गं,” तो म्हणाला.

“तुजं झालं. माजं कुटं झालंय?” तानाबाई पदर खोचून त्याच्यासमोर बसली. “तीन साल बोलले न्हाय मी. आता ऐक.”

आणि मग तिनं सुरुवात केली. कुर्डुवाडीचा फलाट झाला, बारसं झालं, मेलेल्या बापाच्या दिवसाला झालेला उशीर झाला, अंगाचा वास झाला, सायकल झाली, बायकोचं न ऐकणं झालं. पहिली पंगत उठली, दुसरी बसली, तरी तिचं संपेना. बिरप्पा पाय लांब करून मांडवाच्या खांबाला टेकला होता. ती मध्येच दम घ्यायला थांबली की तो म्हणायचा, “म्होरं सांग की, आक्का.”